‘तुमचे नको असलेले कॉल बंद करून देतो’ म्हणून आलेला कॉल

मागच्या वेळी या सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात दोन ओळी लिहिल्या होत्या, की नको असलेले कॉल बंद करून देतो असं सांगत कोणी स्वतःहून फोन केला तर पुढचं ऐकूच नका, फोन ठेवा. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवलेत. पत्रं वाचताना पोटात कालवत होतं, खरं सांगते. जवळजवळ प्रत्येक पत्रात कोणीतरी असं आहे जे त्या कॉल्सना आधीच वैतागलेलं होतं, आणि नेमकं त्या वैतागाचंच कोणीतरी भांडवल केलं. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, माझी आई ७४ वर्षांची आहे, एकटी राहते. मोबाइलवर तिला नीट ऐकू येत नाही म्हणून घरी लँडलाइन ठेवलीये. त्यावर दिवसाला आठ-दहा फालतू कॉल यायचे, इन्शुरन्स काय, लॉटरी काय, कधी नुसतंच कोणी बोलायचं नाही. मग एक दिवस एका मुलीचा फोन आला, बोलायला एकदम गोड, म्हणाली आम्ही फोन कंपनीच्या नको असलेले कॉल थांबवणाऱ्या विभागातून बोलतोय, तुमचं रजिस्ट्रेशन संपलंय म्हणून तुम्हाला एवढा त्रास होतोय, रिन्यू करायला छोटीशी फी आहे. आईच्या कार्डाचे पहिले चार आकडे तिने स्वतःच वाचून दाखवले, म्हणून आईला वाटलं की ही खरंच कंपनीची, आणि तिने बाकीचे आकडे सांगून टाकले. सात महिने दर महिन्याला पैसे जात होते. मला परवा स्टेटमेंट बघताना कळलं. कॉल कमी तर झालेच नाहीत, उलट वाढलेत. मी रागात आईला खूप बोलले आणि आता ती फोनच उचलत नाही, माझाही नाही. काय करू?

उत्तर: आधी आईकडे जा. बँक दोन तास थांबली तरी चालेल, आई नको. फोनवर नको, प्रत्यक्ष जा आणि सांग की मी ओरडले ते चुकलं माझं. हे मी उगाच भावनेपोटी सांगत नाहीये, त्यामागे व्यवहारही आहे. असं एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा फोन येतात, ते कसे ते खाली लिहिते, आणि तेव्हा ती तुला सांगेल की लपवेल हे तू आत्ता कशी वागतेस त्यावरच ठरणार आहे. बहुतेक घरांत पहिली फसवणूक लहान असते, दुसरी मोठी असते, आणि दुसरी मोठी होते कारण पहिलीच्या वेळी घरच्यांनी इतकं सुनावलेलं असतं की माणूस तोंड उघडत नाही.

आता आई मूर्ख नाही हे तुलाही पटलं पाहिजे, म्हणून त्या मुलीने काय केलं ते नीट बघू. कार्डाचे सुरुवातीचे आकडे गुप्त नसतातच. पहिले सहा, हल्लीच्या कार्डांवर आठ, हे कार्ड कुठल्या बँकेचं आणि कुठल्या प्रकारचं ते सांगतात, एका बँकेच्या एकाच प्रकारच्या लाखो कार्डांवर तेच आकडे असतात. म्हणजे आईचं खातं कुठे आहे याचा नुसता अंदाज असला तरी पहिले चार आकडे कोणीही वाचून दाखवू शकतो. पण ऐकणाऱ्याला काय वाटतं, माझं कार्ड यांच्यासमोर आहे. आणि एकदा तसं वाटलं की उरलेले आकडे सांगणं म्हणजे माहिती देणं वाटतच नाही, नुसतं ‘कन्फर्म’ करणं वाटतं. नाव, पत्ता, वय याचंही तेच, हे सगळं याद्यांमध्ये विकलं जातं. तेव्हा समोरच्याला माझ्याबद्दल किती माहितीये यावरून तो खरा ठरत नाही, ही गोष्ट आईला शांतपणे समजावून सांग.

दुसरं म्हणजे तिने जे विकलं ते आईला खरंच हवं होतं. लॉटरीच्या फोनला माणूस सावध असतो कारण फुकटचं काही मिळत नाही हे सगळ्यांना माहिती असतं. इथे बक्षीस वगैरे काही नाही, थोडी शांतता मिळेल एवढंच, तेही थोड्या पैशात. मला ही फसवणूक म्हणूनच जास्त नीच वाटते. त्रास देणारे आणि त्रासावर औषध विकणारे कित्येकदा एकाच यादीवरून फोन करत असतात.

पैशांचं आता. बँकेला फोन कर, पण नंबर कार्डाच्या मागे छापलेला घे, इंटरनेटवर शोधून नको, कारण तिथे खोटे कस्टमर केअर नंबर टाकलेले असतात. आणि आईच्या लँडलाइनवरून करणार असशील तर एक जुनी खोडी माहिती असू दे. कित्येक जुन्या लँडलाइन व्यवस्थांमध्ये ज्याने कॉल केला त्याने ठेवल्याशिवाय लाइन लगेच तुटत नाही. मग फसवणारा स्वतःच म्हणतो की तुम्हाला संशय असेल तर फोन ठेवा आणि बँकेला विचारा, आणि तो तिकडे लाइन धरून बसतो, डायल टोनसुद्धा ऐकवतो, आपण नंबर फिरवतो आणि ‘बँक’ म्हणून तोच किंवा त्याचा साथीदार बोलतो. ब्रिटनमध्ये या प्रकाराने इतके लोक फसले की फोन कंपन्यांना लाइन तुटायचा वेळ काही सेकंदांवर आणावा लागला. म्हणून असा काही कॉल आल्यावर पडताळा घ्यायचा तर दुसऱ्या फोनवरून घ्यायचा, हे सगळ्यात सोपं.

बँकेला तीन गोष्टी वेगवेगळ्या सांग. एक, हे पैसे फसवून घेतलेत आणि सातही महिन्यांचे परत हवेत, तक्रार नोंदवून घ्या आणि तक्रार क्रमांक द्या. दोन, कार्ड बंद करून नवीन द्या. आणि तीन, जे लोक विसरतात, त्या विक्रेत्याला दिलेली दर महिन्याची परवानगीच रद्द करा. नुसतं कार्ड बदलून भागत नाही बरेचदा, कारण कार्ड कंपन्यांची अशी सोय असते की जुनं कार्ड बदललं की नवा नंबर नेहमीच्या वर्गणी घेणाऱ्यांना आपोआप कळवला जातो, म्हणजे आपलं एखादं चांगलं सबस्क्रिप्शन तुटू नये म्हणून केलेली सोय, पण तिचा फायदा हे लोकही घेऊ शकतात. कार्ड भारतातलं असेल तर ऑक्टोबर २०२१ पासून अशी आपोआप होणारी कपात सुरू करताना ग्राहकाची वेगळी मंजुरी लागते आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं, तर आईच्या फोनवर किंवा ईमेलवर ते मेसेज येऊन पडलेत का बघ. आले असतील तर त्यात विक्रेत्याचं नाव सापडेल आणि बंद करायचा रस्ताही. आले नसतील तर तेच तक्रारीत लिही.

आणि कॉल वाढले का? कारण जो एकदा पैसे देतो त्याचा नंबर जास्त किमतीला विकला जातो. या नंबरवर माणूस फोन उचलतो, शांतपणे ऐकून घेतो, कार्ड काढून आणतो, ही माहिती त्या धंद्यात सोन्यासारखी असते. म्हणून पुढचा फोन कोणता येणार तेही सांगून ठेवते. थोड्या दिवसांनी कोणीतरी म्हणेल की आम्ही ग्राहक संरक्षणवाले किंवा पोलीस किंवा वकील, तुमचे त्या कंपनीने घेतलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त आधी प्रोसेसिंग फी भरा. ते तेच लोक असतात किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेले असतात. आईला आजच सांगून ठेव की असा फोन येणार आहे. आधी माहिती असलं ना की फोन आल्यावर माणूस गडबडत नाही.

लँडलाइनसाठी असे फोन मिळतात की ज्यात आपण घातलेल्या नंबरांनाच घंटी वाजते, बाकीच्यांना आधी नाव सांगावं लागतं. ते दुकानातून तू स्वतः जाऊन घे, किंवा फोनच्या बिलावर छापलेल्या नंबरवर कंपनीला तू विचार की अशी सोय आहे का. आपण विचारलं की ती सेवा, कोणी येऊन गळ्यात मारली की सावध व्हायचं. आणि त्यात पहिला नंबर तुझा घाल, म्हणजे घंटी वाजली की आईला कळेल की आपल्याच माणसाचा आहे.

प्रश्न: मी नको असलेल्या कॉल्सच्या सरकारी यादीत खूप वर्षांपूर्वी नाव घातलं होतं. आता फोन आला की तुमची मुदत संपलीये, पुन्हा पैसे भरून नोंदणी करा. खरंच मुदत असते का? आणि यादीत नाव असून मला कॉल येतातच, मग त्या यादीचा उपयोग काय?

उत्तर: मुदत आणि पैसे दोन्ही खोटं. तुम्ही कुठून लिहिताय ते पत्रात नाही म्हणून जिथले वाचक जास्त लिहितात त्या तीन देशांचं सांगते. अमेरिकेत ‘डू नॉट कॉल’ यादी २००३ मध्ये सुरू झाली, फेडरल ट्रेड कमिशन ती चालवतं, नोंदणी फुकट आहे आणि ती कधीच संपत नाही, आपण काढून घेतली किंवा नंबरच बंद होऊन दुसऱ्याला गेला तरच जाते. ब्रिटनमध्ये टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिस आहे, टीपीएस म्हणतात, १९९९ पासून, तीही फुकट. भारतात १९०९ वर फोन किंवा मेसेज करून डीएनडी, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’, लावता येतं, एक पैसा लागत नाही. आणि या तिन्ही ठिकाणची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की यांच्यापैकी कोणीही लोकांना फोन करून नोंदणी विकत नाही. म्हणजे ‘मी त्या यादीच्या ऑफिसातून बोलतोय’ एवढं वाक्य ऐकलं की तुमचं उत्तर तयार असलं पाहिजे.

नावांचा घोळ मात्र मुद्दाम केलेला असतो. खऱ्या सेवेच्या नावात एखादा शब्द इकडचा तिकडे करायचा, प्रेफरन्सच्या जागी प्रोटेक्शन, असं काहीतरी, आणि पटकन बोलायचं. ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटतं तेवढं पुरतं त्यांना. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०१५ मध्ये अशा कंपन्यांना दंड केले आहेत ज्या नको असलेले कॉल थांबवायची सेवा विकत होत्या आणि ती विकायला त्याच फुकट यादीत नाव असलेल्या लोकांना नको असलेले कॉल करत होत्या. म्हणजे या नोंदणी झालेल्या, पत्ता असलेल्या कंपन्या होत्या, कुठल्या अंधाऱ्या खोलीतले चोर नव्हेत. त्यामुळे ‘आमची रजिस्टर्ड कंपनी आहे, वेबसाइट बघा’ याने काही सिद्ध होत नाही.

आता उपयोग काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. यादी म्हणजे भिंत नाहीये हो, दारावरची पाटी आहे. जो कायदा पाळतो तो पाटी वाचून परत जातो. प्रामाणिक कंपन्यांना ती यादी तपासूनच फोन करावे लागतात, पण चोर यादी कशाला बघेल. शिवाय काही कॉल यादीत बसतच नाहीत, अमेरिकेत राजकीय पक्ष, धर्मादाय संस्था, सर्व्हे करणारे यांना मोकळीक आहे. आणि नाव घातल्या घातल्या लगेच शांत होत नाही, टीपीएसला साधारण २८ दिवस लागतात, अमेरिकेत विक्रेत्यांना ३१ दिवसांपर्यंत मुभा आहे, नेमक्या या मधल्या दिवसांत फोन येतो की ‘नोंदणी नीट झाली नाही’, आणि माणसाला ते खरं वाटतं.

पण माझ्या मते यादीचा एक उपयोग असा आहे की जो कोणी सांगत नाही. एकदा तुमचं नाव तिथे गेलं आणि महिना उलटला, की मग जे विक्रीचे कॉल येतात त्यातले बरेचसे आपोआप संशयास्पद ठरतात, कारण सरळ धंदा करणारा तुम्हाला फोन करायला नको होता. चाळणी लागते एक प्रकारची. म्हणून नाव घाला, फुकटच आहे, आणि कॉल आलाच तर तक्रार करा. भारतात आता कॉल आल्यापासून ७ दिवसांत तक्रार करता येते, २०२५ मधल्या बदलाआधी ३ च दिवस होते. फसवणुकीचा संशय असेल तर सरकारच्या ‘संचार साथी’ या वेबसाइटवर ‘चक्षू’ म्हणून सोय आहे तिथे कळवा.

प्रश्न: मला एकाने फोनवर सांगितलं की पैसे वगैरे काही नको, तुमचे स्पॅम कॉल बंद करायला फक्त एक कोड डायल करा. स्टार २१ स्टार, मग त्याने एक नंबर सांगितला आणि शेवटी हॅश. मी केलं. त्यानंतर खरंच कॉल यायचे बंद झाले, सगळेच! आता भीती वाटतेय.

उत्तर: हे वाचत असाल तर आत्ता लगेच ##००२# डायल करा, मग पुढचं वाचा.

तो कोड ब्लॉक करायचा नाहीच, कॉल फॉरवर्डिंगचा आहे. जीएसएम मोबाइल नेटवर्कवर जगभर साधारण हेच कोड चालतात, स्टार २१ लावून जो नंबर घालाल त्या नंबरवर तुमचा प्रत्येक कॉल जातो, तुमच्याकडे घंटीही वाजत नाही. म्हणून तुम्हाला शांत वाटलं. कॉल बंद झाले नव्हते, ते सगळे त्या माणसाकडे जात होते. आणि तो तुमचा मित्रांशी चाललेला संवाद ऐकायला हे करत नाही. कित्येक ठिकाणी ओटीपी मेसेजने आला नाही तर ‘फोन करून सांगा’ असा पर्याय असतो, तो कॉल त्याच्याकडे जातो, तो तुमच्या नंबरने तुमचं मेसेजिंग ॲप स्वतःच्या फोनवर चालू करतो, आणि मग तुमच्या नावाने तुमच्या नातेवाइकांकडे पैसे मागतो. तेव्हा ##००२# केल्यावर, म्हणजे सगळी फॉरवर्डिंग रद्द झाल्यावर, *#२१# करून खात्री करून घ्या, मग ईमेल, बँक आणि मेसेजिंगचे पासवर्ड बदला, मेसेजिंग ॲपमध्ये आणखी कुठले डिव्हाइस जोडलेत ते बघा, टू-स्टेप पिन लावा. बँकेलाही कळवून ठेवा.

भारतात हा प्रकार इतका वाढला की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडने फॉरवर्डिंग चालू करायची सोयच बंद करायला सांगितली. पण तरी निर्धास्त राहू नका, सेटिंगमध्ये जाऊन किंवा कंपनीच्या ॲपमधून फॉरवर्डिंग चालू होतंच आणि आता ते लोक फोनवर एकेक पायरी सांगून तिकडून करायला लावतात. अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेलं एकही बटण दाबायचं नाही, मग तो कारण काहीही सांगो.

पैसे गेले असतील तर वेळ फार महत्त्वाचा आहे. भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच माहिती दिल्यामुळे नुकसान झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा भुर्दंड ग्राहकावर, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर. म्हणजे लाज वाटून घालवलेला प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो.

प्रश्न: रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो की पुन्हा कॉल नको असेल तर ९ दाबा. दाबायचं का?

उत्तर: नाही. दाबलंत की त्यांना एवढंच कळतं की या नंबरवर जिवंत माणूस आहे आणि तो शेवटपर्यंत ऐकतो. कित्येकदा ९ दाबल्यावर थेट एजंटकडेच जोडतात आणि तोच म्हणतो, कॉल बंद करायचेत ना, आमची सेवा आहे. काही न बोलता ठेवून द्या, रागावण्यातही अर्थ नाही.

प्रश्न: मग पैसे घेऊन कॉल ब्लॉक करणारी सगळीच ॲप आणि मशिनं बोगस समजायची का? मी एक वापरतो आणि मला तरी फरक पडलाय.

उत्तर: नाही, सगळी बोगस नाहीत, आणि तुम्हाला उपयोग होत असेल तर चांगलंच आहे. माझा आक्षेप पैसे घेण्याला नाहीच मुळी. तुम्ही स्वतः शोधलंत, चार ठिकाणी वाचलंत, तुलना केलीत आणि ठरवलंत, त्यात फोनवरून कोणी ‘आजच करा’ म्हणून मागे लागलेलं नव्हतं, सगळा फरक तिथे आहे. तरी दोन गोष्टी बघून घ्या. फोनमध्येच काय फुकट आहे ते आधी वापरून बघा, आयफोनमध्ये २०१९ पासून अनोळखी नंबर आपोआप सायलेंट करायची सोय आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये स्पॅमची चाळणी असते. फक्त अनोळखी सायलेंट केलंत की डॉक्टर, कुरियर, शाळा यांचे कॉलही वाजणार नाहीत, ते लक्षात ठेवून मिस्ड कॉल बघत जा.

दुसरं, ॲप काय काय परवानग्या मागतं. कॉल ओळखायला कॉलची आणि फार तर कॉन्टॅक्टची परवानगी समजू शकते, आणि कॉन्टॅक्ट देताना हेही कळू दे की तुम्ही दुसऱ्यांचे नंबर त्यांना न विचारता देताय. पण मेसेज वाचायची, स्क्रीनवर दिसणारं सगळं वाचायची, ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे ॲपला तुमच्या वतीने फोन चालवू देणारी, परवानगी कशाला हवी? आणि कोणी मेसेजवर एपीके फाइल, म्हणजे ॲप स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायची फाइल, पाठवून म्हणालं की हे आमचं ब्लॉकिंग ॲप टाका, किंवा ‘मी सेटिंग करून देतो’ म्हणून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं, तर तिथेच थांबा.

आणि एक मर्यादा कुठल्याही ॲपला असते, ती विकणारे नीट सांगत नाहीत म्हणून मी सांगते. समोर दिसणारा नंबर खोटा असू शकतो. इंटरनेटवरून कॉल करणाऱ्याला कुठला नंबर दाखवायचा ते बऱ्याचदा स्वतःच ठरवता येतं, म्हणून आज एक नंबर ब्लॉक केला की उद्या दुसरा, कधी तर तुमच्याच नंबरसारखा दिसणारा. अमेरिकेत मोठ्या फोन कंपन्यांना जून २०२१ पर्यंत कॉलचा नंबर खरा आहे की नाही हे तपासायची यंत्रणा बसवावी लागली, तरी तिथले खोटे कॉल संपलेले नाहीत. तेव्हा ‘शंभर टक्के कॉल बंद, गॅरंटी’ असं जो म्हणेल तो या एका वाक्यातच खोटं बोललेला असतो.

प्रश्न: मी ८१ वर्षांचा आहे. आयुष्यभर हिशेबाचंच काम केलं, कधी कुणाकडून फसलो नाही, आणि गेल्या महिन्यात अशाच एका कॉल थांबवणाऱ्या माणसाने मला फसवलं. रक्कम मोठी नव्हती. पण मुलांनी माझं कार्ड काढून घेतलं, फोनही म्हणतात की तुम्ही उचलू नका. मला आता भाजीवाल्याशी हिशेब करतानाही हात कापतो. मी पत्र मुलांना न सांगता लिहितोय.

उत्तर: काका, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुमचं अक्षर इतकं सुरेख आणि हिशेबी आहे की तुमची बुद्धी कमी झाली असं मला कोणी सांगितलं तर मी मानणार नाही. तुम्ही फसलात ते हिशेबात नाही. तुम्ही सभ्यपणे बोललात, समोरच्याला पूर्ण बोलू दिलंत, मध्येच फोन ठेवणं तुम्हाला उद्धटपणा वाटला. तुमच्या पिढीत फोन घरात असणं हीच मोठी गोष्ट होती, आणि फोनवरच्या माणसाशी नीट बोलायचं असतं असं तुम्ही शिकलात. त्या लोकांना हे पक्कं माहिती असतं आणि ते त्यावरच चालतात. तरुण लोकही फसतात, त्यांचे मार्ग वेगळे असतात एवढंच, आणि ते घरी सांगत नाहीत.

मुलांबद्दल एक सांगू का, त्यांना भीती वाटलीये. भीती वाटली की माणूस वस्तू काढून घेतो, तसं त्यांनी केलं. पण ते बरोबर आहे असं मला वाटत नाही आणि हे तुम्ही त्यांना माझ्या नावाने दाखवा. ज्या माणसाने घर चालवलं त्याच्या हातातून कार्ड काढून घेतलं की पैसे वाचतात, पण माणूस खचतो, आणि खचलेला, एकटा पडलेला माणूसच फोनवरच्या गोड आवाजाला जास्त लवकर धरतो. त्यापेक्षा कार्डाची मर्यादा कमी करून ठेवा, ऑनलाइन आणि फोनवरचे व्यवहार बंद करून दुकानातलेच चालू ठेवा, ही सोय बऱ्याच बँका देतात, आणि प्रत्येक व्यवहाराचा मेसेज तुम्हाला आणि एका मुलाला दोघांनाही जाऊ दे. कार्ड मात्र तुमच्या खिशात.

आणि तुम्ही हिशेबाचे माणूस आहात तर हे काम तुम्हीच घ्या, घरातल्या सगळ्यांची महिन्याची स्टेटमेंट तुम्ही तपासा. दर महिन्याला जाणारी लहान रक्कम, एकच आकडा, ओळखीचं नसलेलं नाव, हे शोधायला तुमच्याइतका सराव मुलांना नाहीये. पहिल्या पत्रातल्या आईचे सात महिने पैसे गेले कारण कोणी स्टेटमेंट बघितलंच नव्हतं. मला खात्री आहे की तुमच्या मुलांच्या खात्यातही एखादं विसरलेलं सबस्क्रिप्शन सापडेल.

फोन उचला. नक्की उचला. फक्त शेजारी एक चिठ्ठी ठेवा, मोठ्या अक्षरात, त्यावर एवढंच लिहा: ‘मी फोनवर काही विकत घेत नाही. नमस्कार.’ समोरचा विक्रीचं बोलायला लागला की वाचायचं आणि ठेवायचं. नमस्कार म्हणून ठेवलं की उद्धटपणाही होत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा जड जाईल, नंतर सवय होते, माझ्या सासऱ्यांना झाली.

आणि काका, ते पैसे लहान होते म्हणून सोडून देऊ नका. बँकेला लिहा, तुमच्याच अक्षरात, तारीखवार. बँक काय म्हणते ते मला पुढच्या पत्रात कळवा, मी वाट बघतेय.